पालथा हंडा

अक्कलकोटच्या पुढं, कर्नाटकाची हद्द जिथं हाकेच्या अंतरावर येते, तिथल्या एका गावात तिशीच्या आतबाहेरचं असं माणूस सापडणार नाही, ज्याला ईरम्मानं पायांवर घेऊन न्हाऊ घातलं नाही. मिशीला पीळ देत चावडीवर बसणारे पंचायतीचे मेंबरसुद्धा तिच्यासमोर जरा बेतानं बोलतात. "तुला मी उघडा बघितलाय," एवढं ईरम्मा म्हणाली की भल्याभल्यांची बोलती बंद होते.

ईरम्मा सुईण नव्हे. बाळंतपणं तर आता दवाखान्यातच होतात. तिचं काम त्यानंतरचं. आई आणि मूल घरी आलं की रोज सकाळी ती त्या घरी जाणार. अंगणातल्या चुलीवर तांब्याचा हंडा चढलेला असणार. पाटावर बसून ती लुगडं गुडघ्यावर घेणार, पाय लांब करणार, पायांवर मूल पालथं घालणार. आधी कोमट तेल, मग हाताला सोसेल असं पाणी. मूल जेवढं अशक्त तेवढं तेल जास्त आणि पाणीही जास्त, हा तिचा ठोकताळा. सासूनं शिकवला, तिनं चालवला. या कामाचा तिनं कधी पैसा घेतला नाही, खणनारळ मात्र हक्कानं मागून घेतला.

काही मुलं न्हाऊनही तरारत नसत. अपुऱ्या दिवसांची, मुठीएवढ्या डोक्याची. ईरम्मा अशा मुलाच्या तळपायाला आपल्या मनगटाची आतली बाजू लावून बघायची. तळवे सलग गार लागायला लागले की ती काय ते समजून जायची. मग त्या दिवशी आंघोळ नाही. मूल पुसून, कोरड्या फडक्यात घेऊन ती आईच्या चोळीच्या आत छातीशी द्यायची आणि म्हणायची, "आता बरं हाय त्याला. जवळ धर, सोडू नकोस." आई हसायची. ईरम्मा बाहेर यायची, हंड्यातलं पाणी ओतून टाकायची आणि हंडा दारात पालथा घालायची. तो पालथा हंडा बघितला की पुरुषमाणसं मुकाट्यानं कुदळ-खोरं उचलून रानाकडं निघायची.

खोटं होतं ते, आणि ते खोटं आहे हे आई सोडून सगळ्यांना माहीत असायचं. शेवटची घटकाभर तरी आईनं सुखात काढावी, एवढाच त्यातला हेतू. समोरच्या मल्लव्वाच्या दारात असा हंडा पालथा पडला त्याला आता वीस वर्षं होत आली. क्वचित एखादं मूल छातीशी दिल्यावर परत फिरायचंही. ज्ञानू तसाच. त्याच्यासाठी खणलेला खड्डा बुजवावा लागला होता आणि आज तोच ज्ञानू गावात ट्रॅक्टर चालवतो. देवाची करणी, असं गाव म्हणालं आणि ईरम्माही तेच म्हणाली. त्यापलीकडं कुणी विचार केला नाही.

ईरम्माचा एकुलता एक मुलगा संगमेश सोलापुरात नवी पेठेतल्या एका कापडदुकानात कामाला. त्याच्या बायकोला, दानेश्वरीला, सातवा सरला नव्हता. बाळंतपणाला तिला गावी आणायचं, चाळीस दिवस न्हाऊ घालायचं, असं सगळं ईरम्माच्या मनात ठरून गेलेलं. आणि एका सकाळी संगमेशचा फोन आला की दानेश्वरी मोकळी झाली, मुलगी आहे, फार बारीक आहे, लहान मुलांच्या मोठ्या दवाखान्यात ठेवलीय.

ईरम्मानं तेलाची बाटली, ओवा-शेपा आणि मऊ लुगड्याची फडकी पिशवीत भरली, गुरं नवऱ्याच्या, म्हणजे रुद्रप्पाच्या, गळ्यात घातली आणि मिळेल ती एसटी पकडली.

दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर काचेच्या दाराशी तिला पहिला दणका बसला. अंकिता नावाच्या तरुण सिस्टरनं तिला दारातच अडवलं. म्हणाली, "आजी, आत फक्त आई. आणि ती तेलाची बाटली पिशवीतच राहू द्या."

"अगं, आख्ख्या गावाची पोरं मी न्हाऊ घातलीत," ईरम्मा म्हणाली.

"घातली असतील. हिला नाही घालायचं."

एवढं तोडून तिला आजवर कुणी बोललं नव्हतं. पण काचेतून आत बघितल्यावर तिचा राग जागच्या जागी विरून गेला. दिव्याखाली, उघड्या खाटल्यावर, तिच्या वितीपेक्षा थोडंसं मोठं काहीतरी पडलं होतं. नाकाला नळी, हाताला नळी, पायाला लाल उजेडाची चिमटी. छातीचा पिंजरा आत-बाहेर ओढला जात होता. इतकं लहान मूल ईरम्मानं बघितलं नव्हतं असं नाही. पण बघितलेल्यातलं एकही पुढं मोठं झालेलं तिला आठवेना. ती तिथंच भिंतीला टेकून खाली बसली.

शेजारी मोहोळकडची बजाबाई बसली होती. तिचा नातूही याच दवाखान्यात होता, मधल्या मजल्यावर. बजाबाईला इथं येऊन बरेच दिवस झालेले, त्यामुळं दवाखाना तिला पाठ. "ही वरची काचंची खोली मशीनवाल्या पोरांची," तिनं सांगितलं. "मदल्या मजल्यावर पेटीतली. आन् खालच्या मजल्यावर आया आन् पोरं एकत्र."

ईरम्मानं मान हलवली आणि मनातल्या मनात तिचा अर्थ लावून टाकला. जिथं मशीनं जास्त, तिथं आशा जास्त. ज्याच्यात जीव आहे त्याच्यावरच माणूस एवढा खटाटोप करतं, ही साधी गोष्ट होती. त्या दिवसापासून मशीनची ती टींटीं तिला देवळातल्या घंटेसारखी वाटायला लागली. ती वाजतेय तोवर काळजी नाही. सकाळी येऊन ती आधी काचेला कपाळ लावून मशीन जागेवर आहे ना ते बघायची, मगच चहा घ्यायची.

असे बरेच दिवस गेले. दानेश्वरी दूध काढून वर पाठवायची, ते नळीतून पोरीच्या पोटात जायचं. संगमेश दुकान सुटल्यावर यायचा, काचेतून बघायचा आणि डोळे पुसत जिना उतरायचा. ईरम्मा कॉरिडॉरमध्ये बसून राहायची. आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या हाताला काम नव्हतं, आणि ते हात कुठं ठेवावेत हे तिला समजत नव्हतं.

मग एका सकाळी काचेतून बघते तर मशीन बाजूला ओढून ठेवलेलं. खाटलं रिकामं.

डॉक्टरबाई बाहेर आल्या. गडबडीत होत्या, पण थांबून नीट बोलल्या. "आजी, बाळ आता बरं आहे. परवापासून मशीन काढून बघत होतो, तिला गरज लागली नाही. आज तिला खाली आयांच्या खोलीत दिलंय. आईनं चोळीच्या आत छातीशी धरायचं. जवळ धरा म्हणावं, सोडू नका." एवढं सांगून, हसून, त्या पुढं गेल्या.

आता बरं आहे. जवळ धर. सोडू नकोस. हे बोलणं ईरम्माचं होतं. शब्द न शब्द तिचा, आणि ते हसणंही तिचंच. आजवर तिनं दुसऱ्यांच्या सुनांना जे दिलं होतं, ते आज तिच्या सुनेच्या पदरात पडलं होतं. शहरातल्या शिकल्यासवरल्या डॉक्टरांनाही हे खोटं बोलावं लागतं, हे तिला आज कळत होतं. तिनं डॉक्टरबाईंना काही विचारलं नाही. तिला स्वतःला तरी कुणी कधी विचारलं होतं? विचारून काय होणार, ही तिच्या गावची रीत, आणि ती रीत तिनंच घालून दिलेली.

जिन्याच्या वळणावर उभं राहून तिनं रुद्रप्पाला फोन लावला. घरी ती दोघं कानडीतच बोलायची. मरणाचा शब्द मात्र तिला कुठल्याच भाषेत तोंडातून काढता येईना.

"ऐका की," ती म्हणाली. "आपला हंडा पालथा घाला."

पलीकडून एक म्हैस हंबरल्याचं तेवढं ऐकू आलं.

"बरं," रुद्रप्पा म्हणाला आणि फोन बंद झाला.

खालच्या मजल्यावर आयांची खोली होती. दानेश्वरी मागं टेकून बसली होती. चोळीची बटणं सोडलेली, वर चादर, आणि छातीवर टोपडं घातलेलं ते एवढंसं डोकं. नाकातली मोठी नळी गेलेली, दुधाची बारीक नळी तेवढी गालाला चिकटवलेली. ईरम्माला बघून दानेश्वरी हसली.

"अत्ती, बघा की," ती कुजबुजली. "माझ्या अंगावर झोपलीय."

ईरम्माला तिच्या तोंडाकडं बघवेना. सगळ्या आया अशाच हसायच्या. मल्लव्वा अशीच हसली होती. "जवळ धर," ईरम्मा म्हणाली. "सोडू नकोस बाई." आणि ती तोंड फिरवून बाहेर आली.

संगमेशला तिनं दुकानातून बोलावून घेतलं. तो रिक्षा करून आला. त्याला फार सांगावं लागलं नाही. हंडा म्हटल्याबरोबर तो जिन्याच्या पायरीवर मटकन बसला आणि गुडघ्यांत डोकं घालून हुंदके द्यायला लागला. डॉक्टर काय म्हणाले हे त्यानंही विचारलं नाही. लहानपणापासून तो ज्या दारात वाढला, तिथं डॉक्टरापेक्षा यव्वाच्या, म्हणजे आईच्या, मनगटावर भरवसा जास्त. वर जाऊन एक प्रश्न विचारला असता तर सगळा घोळ मिटला असता. पण दोघं मायलेक तिथंच बसून राहिले, एकानं रडायचं आणि दुसरीनं पाठीवर हात फिरवायचा.

दुपार कलली. तेवढ्यात वरून बजाबाई जिना उतरून आली ती भिंतीला धरत. पदर तोंडात कोंबलेला.

"काय झालं वो?" ईरम्मानं विचारलं.

"नातवाला वर न्हेलं," बजाबाई म्हणाली. "काचंच्या खोलीत. मशीन लावलं त्याला. तुमच्या पोरीचंच."

ईरम्मानं संगमेशच्या पाठीवरचा हात काढला. आपल्या पोरीच्या नाकाचं मशीन काढून दुसऱ्याला दिलं. ज्याच्यात जीव आहे त्याला दिलं. आणि ही बाई उलट रडून दाखवतेय. "मग रडताय कशाला?" ती तटकन बोलली. "तुमचं पोर वर गेलं की. आमचं खाली आलं. रडायचं तर आमी."

बजाबाईनं तोंडातला पदर काढला.

"अवो, काय बोलताय तुमी?" ती म्हणाली. "त्याला श्वास घेता येईना म्हणून वर न्हेलं. जड हाय त्याला, लई जड हाय. तुमची खाली आली म्हंजी ती सुटली की. तिला आता मशीनच नको. खाली आणायसाठीच तर हितं समदी देव पाण्यात घालून बसल्यात."

ईरम्मा ऐकत होती, पण ऐकलेलं आत शिरेना. वर म्हणजे जड. खाली म्हणजे सुटका. तिनं इतके दिवस काचेला कपाळ लावून जे राहावं म्हणून हात जोडले होते, ते जावं म्हणून इतर लोक हात जोडत होते. ती उठली आणि संगमेशला काहीही न सांगता आयांच्या खोलीत शिरली. दारात अंकिता सिस्टर म्हणाली, "आजी, आधी हात धुवा." तिनं हात धुतले.

दानेश्वरी तशीच बसलेली होती. सकाळपासून उठली नव्हती. ईरम्मानं चादरीत हात घातला, पोरीचा बोटभर पाय शोधला, मोजा सरकवला आणि तळव्याला मनगट लावलं.

तळवा ऊन होता.

तिनं दुसरा बघितला. तोही ऊन. पोरीनं पाय आखडून घेतला आणि झोपेतच तोंड वाकडं केलं. ईरम्मा तिथंच खाटेची कड धरून खाली बसली. मघापासून न आलेलं रडं आता आलं, आणि असं आलं की दानेश्वरीच घाबरली.

"अत्ती, काय झालं? वाईट काय सांगितलं का कुणी?"

"न्हाय," ईरम्मा म्हणाली. "कुणी न्हाय. चांगलंच सांगितलं होतं. मलाच पटलं न्हाय."

अंकिता सिस्टर जवळ आली. तिला वाटलं, आजी हरखून गेल्यात, म्हणून तीही खुलून बोलायला लागली. "आजी, घरी गेल्यावरसुद्धा असंच धरायचं बरं का. आई दमली की तुम्ही धरा, बाबांनी धरा. एवढ्या बारीक बाळाला स्वतःची ऊब टिकवता येत नाही. अंगाची ऊब हेच तिचं औषध. आणि वजन नीट वाढेपर्यंत न्हाऊ घालायचं नाही. तेल चोळून रोज पाणी घातलं की अशी बाळं गार पडतात. आणि गार पडली की मग हाताला लागत नाहीत."

सिस्टर सांगत राहिली. ईरम्माच्या कानात ते तापलेल्या शिशासारखं उतरत होतं. मूल अशक्त, म्हणून पाणी जास्त. पाणी जास्त, म्हणून तळवे गार. आणि तळवे गार पडल्यावर, सगळं संपत आल्यावर, मग आईची छाती. जे पहिल्या दिवशी द्यायचं ते तिनं प्रत्येक वेळी शेवटच्या दिवशी दिलं होतं. तरी त्यातून ज्ञानू परत फिरला. त्यात देवाची करणी कुठं होती? ईरम्मानं आपल्या तळहातांकडं बघितलं आणि ते घाईनं पदराखाली झाकून घेतले.

त्याच वेळी तिला फोन आठवला.

रुद्रप्पानं दोनदा उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा मागं माणसांची कुजबुज होती.

"हंडा सुलटा करा," ईरम्मा म्हणाली.

"आं?"

"पोरगी जित्ती हाय. बरी हाय. मीच चुकले. हंडा सुलटा करा."

रुद्रप्पानं घसा खाकरला. "खड्डा झालाय गं," तो म्हणाला. "बांधाला. ज्ञानूनं खणला." आणि मग तो बापडा फोन हातात धरून रडायला लागला, आणि मागची माणसं, पोर खरोखरच गेलं असं समजून, आणखी मोठ्यानं रडायला लागली. तो गैरसमज दूर करायला रुद्रप्पाला बराच वेळ लागला असणार.

वर जाऊन ईरम्मा बजाबाईजवळ बसली. माफी मागायची तिला सवय नव्हती. तिनं बजाबाईचा हात आपल्या हातात घेतला आणि दिवस मावळेपर्यंत दोघी काचेकडं बघत बसल्या. मशीनची टींटीं चालू होती. ईरम्मा पहिल्यांदाच ती बंद पडावी म्हणून हात जोडत होती.

पोरीला घरी न्यायची परवानगी मिळाली तेव्हा बजाबाईचा नातू मधल्या मजल्यावर परत आला होता. अजून खाली यायचा होता.

गावात आल्यावर ईरम्मा आधी रानात गेली. आयांच्या खोलीत असतानाच एका सकाळी पोरीची वाळलेली नाळ दानेश्वरीच्या पदरात गळून पडली होती, ती तिनं गाठीला बांधून आणलेली. बांधाला तो खड्डा तसाच होता. वितीएवढ्या पोरीसाठी ज्ञानूनं हातभर खोल खणला होता, रडत रडत भान राहिलं नसेल. ईरम्मानं ती नाळ त्यात ठेवली आणि दोन्ही हातांनी माती लोटली. खोरं शेजारी पडलं होतं, पण तिनं ते घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आख्खी गल्ली अंगणात जमली. ईरम्मा आपली स्वतःची नात न्हाऊ घालणार, हे बघायला कोण येणार नाही? चुलीवर हंडा चढलेला होता, पाट मांडलेला होता. दानेश्वरी न्हाणीत गेली आणि तिच्यासाठी पाणी गेलं. ईरम्मा पाटावर बसली, पण पाय लांब केले नाहीत. चोळीची बटणं काढून तिनं पोरीला आपल्या सुकल्या छातीशी घेतलं, वरून पदर ओढला आणि गप्प बसली.

बायका चाट पडल्या. "अगं, हे काय ईरम्माक्का?" कुणीतरी म्हणालं. "न्हाऊ न्हाय घालायचं?"

"न्हाय," ईरम्मा म्हणाली. "बारीक पोराला न्हाऊ घालायचं न्हाय. गार पडतंय. असं अंगाला धरायचं, पहिल्या दिसापासनं. हितनं पुढं कुणाच्यात बारीक पोर झालं तर मला पाणी तापवून बोलावू नका."

मग मागून मल्लव्वा पुढं आली. वीस वर्षांत तिनं त्या दिवसाचं नाव काढलं नव्हतं. ती ईरम्माच्या समोर उकिडवी बसली.

"माझं पोर पण बारीकच हुतं," ती म्हणाली. "त्याला तू किती दिस न्हाऊ घातलंस?"

ईरम्माला तिथल्या तिथं दुसरं काहीही सांगता आलं असतं. तिला तशी सवय होती, आणि मल्लव्वानंही ते मानून घेतलं असतं.

"रोज," ती म्हणाली. "शेवटचा दिवस सोडून, रोज."

मल्लव्वानं हात पुढं केला, पदराखालून पोरीचा पाय शोधून काढला आणि ईरम्मा लावायची तसं आपलं मनगट तळव्याला लावलं. आणि ते तसंच लावून ती बसून राहिली.